सर्दी झालेली शिफ्ट

आमच्या प्लांटच्या लॅबमध्ये पहिल्याच दिवशी मला एक नियम सांगण्यात आला: सर्दीसाठी रजा मागायची नाही. सर्दी नाकाला होते, डोक्याला नाही, आणि काम डोक्याने करायचं असतं. यावर प्रश्न विचारायचा नाही, हेही सीनियर केमिस्ट गायकर काकांनी बजावलं. मी ट्रेनी, आणि मला कायम करायचं की नाही हे काकांच्या शेऱ्यावर ठरणार. पण महाडच्या हवेत शिंका थांबत नाहीत, त्यामुळे किस्से साठतच जातात.

*

पहिला मान काकांचा. एकदा नाक पुसत पुसत त्यांनी तीन सॅम्पल तपासली. तिन्हींचा रिझल्ट दशांशापर्यंत सारखा. काका खूश. "बघ, कसा एकसारखा माल हाय आपला."

मी रॅककडे पाहिलं. दोन बाटल्यांची सीलं शाबूत होती.

*

शिफ्ट इन्चार्ज मोरे भाऊ दासगावचे. त्या दिवशी त्यांना ताप नाही, खोकला नाही, नुसतं नाक गळत होतं. सकाळी आले, आधीच्या शिफ्टच्या इंजिनिअरकडून चार्ज घेतला, वहीत सही केली. मग तीच वही उघडून त्यालाच सगळं पहिल्यापासून समजावलं आणि कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसले.

ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, आता तर उतरलात."

*

मीही काही वेगळी नाही. सर्दीत काट्यावरचं वजन वाचून चार पावलांवरच्या टेबलावर लिहायचं, एवढंही जमेना. पोचेपर्यंत आकडा गायब. तीनदा वजन केलं. चौथ्यांदा हुशारी केली, आकडा तळहातावर लिहिला. तेवढ्यात शिंक आली, आणि मी शहाण्या मुलीसारखे साबण लावून हात धुतले.

फरक एवढाच की मी हे कबूल करते. काकांना सांगितलं तर म्हणाले, आमच्या वेळी असलं काय नव्हतं गो. असणार. आठवत नसेल.

*

गेल्या आठवड्यात आम्ही तिघंही एकदम शिंकत होतो. रिअॅक्टरमध्ये एका पावडरचे पाच डबे टाकायचे होते. सहावा पडला तर बॅच इतकी तापते की सगळ्यांना गेटबाहेर पळावं लागेल. भाऊ टाकत होते, काका नेहमीसारखे मनात मोजत होते, आणि मी बघून सही करायची होती. मध्येच काकांना लागोपाठ तीन शिंका आल्या. भाऊंनी पुढचा डबा भरला. मी रिअॅक्टरच्या झाकणावर हात ठेवला.

"हा कितवा?"

"पाचवा," काका म्हणाले. "सही कर नि बाजूला हो. तुझा शेरा लिहायचाय मला."

"लिहा. मी सही करणार नाही, आणि हा डबाही टाकू देणार नाही." मी वहीतलं पान फाडून दोन तुकडे केले, एकेक दोघांच्या हातात दिला. "आतापर्यंत किती पडले ते लिहा. एकमेकांचं न बघता."

काकांनी पेनचं टोपण काढलं. भाऊंनी डबा हळूच खाली ठेवला. बराच वेळ दोघंही आपापल्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिले.