फाट्यापासूनची सोबत

बारामतीच्या कॉलेजातून परतताना मी निरवांगीच्या फाट्यावर उतरायचे. पुढं घरापर्यंत दोन किलोमीटर, दोन्ही बाजूंना ऊस. एका संध्याकाळी मोटरसायकलवरचे दोघं माझ्यामागं रेंगाळायला लागले, तेव्हा डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक अनोळखी बाई माझ्याशेजारून चालू लागली. मग ती रोजच येऊ लागली. हातात विळा, सारखी मागं नजर.

"मावशी, तुमचं घर कुठंय?" मी एकदा विचारलं.

"फाट्यापल्याड. माझ्या लेकीला हितंच अडवलं व्हतं. बापानं कॉलेज बंद करून तिचं लगीन लावलं. अडवणारी पोरं अजून हितंच फिरत्यात."

म्हणजे ती माझ्यासाठी उलट्या वाटेनं यायची. मला लाज वाटली, तरी 'येऊ नका' म्हणवेना. घरी मी यातलं काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझंही शिक्षण तिथंच थांबलं असतं.