साडूंचा वाद्यवृंद

ज्या वस्तूला बटण आहे तिला माणसाशी काहीतरी बोलायचं आहे, असं मनोमन मानणारे एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिले आणि ते नेमके माझे साडू निघाले. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घराणं चाकणजवळच्या खेड्यातलं, शेतकऱ्याचं. पण ह्यांचा जीव पिकापेक्षा विहिरीवरच्या इंजिनात जास्त. पुढे चाकणलाच मोटारीचे पत्रे दाबून दरवाजे बनवणाऱ्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला लागले आणि तिथेच त्यांचे केस पिकले. घरी वॉशिंग मशीन आलं तेव्हा आक्का, म्हणजे माझी ही मेव्हणी, रोज एकाच खुणेवर ते लावायची. साडूंना हे बघवेना. "सोळा प्रोग्राम दिल्यात. तू एकच वापरती. बाकी पंधरांनी काय पाप केलंय?" असं म्हणून त्यांनी पुढचे पंधरा दिवस घरातले कपडे पंधरा तऱ्हांनी धुतले. त्यात आक्काचा लोकरीचा स्वेटर भाचीच्या बाहुलीला बसेल इतका झाला. साडू मात्र खूश. प्रोग्राम कळला होता. लग्नाला गेले की मांडवात सापडायचे नाहीत, जनरेटरपाशी सापडायचे. कोणाच्या घरी नवा मिक्सर आला की मिक्सर बाजूला ठेवून त्याबरोबरचं पुस्तक मागून घ्यायचे आणि चहा होईपर्यंत कादंबरी वाचावी तसं वाचायचे.

अशा माणसाच्या वाटेला पिनबॉलची मशीन आली, हा योगच म्हणायचा. चिंचवडच्या एका मॉलमधलं खेळांचं दालन बंद पडलं आणि तिथला माल एका ओळखीच्या भंगारवाल्याकडे आला. साडू गेले होते त्याचा कॉम्प्रेसर बघायला, आणि आले ते टेम्पोत ही वस्तू घालून. कासारवाडीच्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. लिफ्टमध्ये मशीन मावेना, म्हणून पाय काढून कंपनीच्या बसमधल्या चौघांनी ती जिन्याने वर चढवली. पुढे साडू उलटे चालत "सावकाश राव, आतमध्ये बँड हाय," असं ओरडत होते.

आणि आत खरोखरच बँड होता. कमरेइतकं उंच, वर काच असलेलं उतरतं टेबल. मागे उभ्या फळीवर रंगवलेला झगमगीत रंगमंच, माईक धरलेली एक बाई. स्प्रिंग ओढून सोडली की पोलादी गोळी वर जायची आणि घरंगळत खाली यायची. खाली वल्ह्यांसारखे दोन छोटे पंखे. बाजूची बटणं दाबली की पंखे उडत आणि गोळी परत वर. वाटेत ढोल, पियानो, गिटार, ट्रम्पेट आणि झांजा. गोळी ज्या वाद्याला लागेल ते वाजायचं. तीनदा लागली की ते वाद्य चालीत सामील व्हायचं. एवढं कुठल्याही पोराला एका दुपारी कळलं असतं. साडूंनी मात्र त्यावर वर्ष घातलं. पहिली गोळी हलक्या हाताने सोडली तर ती ढोलाच्या मागच्या बोळातून जाते. पियानोला सलग मारलं तर बाईच्या डोक्यावरचे दिवे निळे होतात. असे एकेक शोध ते वहीत लिहून ठेवत. टेबल जास्त हलवलं की मशीन एकदम गप्प व्हायची, पंखेही उडत नसत. "रुसली," साडू म्हणायचे, आणि मशीन पुन्हा बोलेपर्यंत खरंच दोन पावलं मागे सरून, अपराध्यासारखे हात मागे बांधून उभे राहायचे.

घरात येणाऱ्या कोणाचीही सुटका नसे. सिलिंडर द्यायला आलेल्या माणसालाही निदान ढोल वाजवल्याशिवाय जाता येत नसे. भाचीला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाचे वडील गिटारवर असे अडकले की पोहे निवले, चहावर साय आली. लग्न जमलं. परत जाताना त्या गृहस्थांना मुलीचं शिक्षण सांगता येत नव्हतं, पण ट्रम्पेटला कुठून मारायचं ते तोंडपाठ होतं.

एका रविवारी सकाळी साडू धापा टाकत माझ्या दारात आले. "पाहुणं, चला! पाची वाद्यं लागली. आता पियानोचं झाकण उघडतं आन् तीन गोळ्या एकदम सुटत्यात. सगळा बँड एकत्र! पुन्हा केलं तर पुन्हा हुईल, चला!" मी गेलो. माझ्या कानाला फोन होता. पाण्याच्या टँकरवाल्याशी वाद चालला होता. साडूंनी खरंच पुन्हा करून दाखवलं. तीन गोळ्या धावत होत्या, दिवे उधळत होते आणि साडू बटणांवर बोटं ठेवून, तळवे लाकडाला घट्ट चिकटवून, चक्क डोळे मिटून उभे होते. मी एका कानात बोट घातलं, टँकरवाल्याला "थांबा, इथे गोंगाट आहे" म्हटलं आणि वर निघून आलो.

त्यानंतर महिन्याभरात तक्रार आली. साडूंची पहिली पाळी संपून कंपनीची बस साडेतीनला यायची आणि पावणेचारला वाद्यवृंद सुरू व्हायचा. आवाजाचं बटण कायम शेवटापर्यंत फिरवलेलं. साडूंच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहत. दुपारची झोप हा त्यांचा उरलेला एकमेव उद्योग. ते माझ्याकडे आले, कारण सोसायटीचा सेक्रेटरी मी. "तुमचे नातेवाईक आहेत म्हणून तुम्ही काही करणार नाही, हे ठाऊक आहे मला," ते म्हणाले. हे वाक्य मला झोंबलं. एक मजला खाली उतरून "भाऊ, जरा आवाज कमी करा" म्हणायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ते केलं नाही. मी सोसायटीच्या कागदावर नोटीस टाइप केली, फ्लॅट नंबर घातला, सही करून शिक्का मारला आणि खाली बोर्डावर लावली. आपण किती निःपक्षपाती आहोत याचा मला त्या संध्याकाळी अभिमान वाटला होता, हे आज लिहितानाही जड जातं.

दुसऱ्या दिवशी साडू कामावरून आले, बोर्डापाशी थांबले. मी तिथेच होतो. त्यांनी चष्मा लावून नोटीस शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "सही झकास हाय पाहुणं तुमची." बस्स. आवाज कमी करतो म्हणाले नाहीत, भांडलेही नाहीत. पुढच्या आठवड्यात टेम्पो आला. नाशिक रस्त्यावर चाकणच्या पुढे एकाचा ढाबा होता, त्याला त्यांनी मशीन देऊन टाकली. खाली नेताना मात्र ते ओरडले नाहीत.

खरं काय ते मला पावसाळा सरल्यावर कळलं. कंपनीत सगळ्यांची तपासणी झाली आणि साडूंना मेंटेनन्समधून काढून स्टोअरला बसवलं. आक्का आमच्याकडे आली आणि रडतच म्हणाली, "दोन्ही कान गेलेत त्यांचे. कधीचे. प्रेसच्या धडधडीनं. समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायचे. मला माहीत होतं, पण कुणाला सांगू नको म्हणायचे." सांगणार कसे? यंत्राला कान लावून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगणारा माणूस म्हणून त्यांची कारखान्यात ख्याती होती. कान गेले हे कळतं तर त्यांना यंत्राजवळ कोणी उभं केलं नसतं. "मग मशीनचा आवाज?" मी विचारलं. "तो मोठा केला की लाकूड थरथरायचं. हातानं ऐकायचे ते. म्हणायचे, घरात एवढं एकच मला पुरतं कळतं."

मी दुसऱ्याच रविवारी साडूंना गाडीत घातलं आणि ढाब्यावर नेलं. मशीन परत आणायची, खालच्या गृहस्थांच्या पाया पडावं लागलं तरी चालेल, असं ठरवूनच निघालो होतो. रस्ताभर कांद्याचे ट्रक. साडूंना नवं श्रवणयंत्र मिळालं होतं, पण त्यातून भांडी आपटल्यागत ऐकू येतं म्हणून ते खिशात होतं.

ढाब्याच्या मागे पत्र्याखाली मशीन सापडली. काच नव्हती. तांब्यासाठी आतल्या तारा कोणीतरी उपसून नेल्या होत्या. ढोलाच्या जागी भोक होतं, आणि टेबलावर कांद्याची दोन पोती. मालक म्हणाला, "चार महिने चालली, मग बंद पडली. इथं दुरुस्त कोण करणार?" मी साडूंकडे पाहू शकलो नाही. त्यांनी पोती उचलून बाजूला ठेवली, शर्टाच्या टोकाने लाकूड पुसलं आणि दोन्ही तळवे त्यावर टेकवले.

"चुकलं माझं, भाऊ," मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने. त्यांनी हात हलवला. "तुमचं बरुबर हुतं. त्या म्हाताऱ्याला झोप नको व्हय?" मग काहीशा संकोचाने त्यांनी विचारलं, "पाहुणं, त्या दिशी तुमी हुता न्हवं, सगळा बँड लागला तवा? मला नुसतं हाताला कळायचं. चाल कशी हुती वो ती?"

मला चाल आठवेना. आठवणार कशी? एका कानात फोन होता आणि दुसऱ्यात मीच बोट घातलं होतं. पण साडू माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मग मी पुढे झालो, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मनाला येईल ती चाल, जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात गायला लागलो. ढोल झालो, ट्रम्पेट झालो. ढाब्यावरचे ट्रकवाले जेवण सोडून बघायला लागले. साडूंनी डोळे मिटले होते. माझा श्वास संपला तेव्हा त्यांनी मान डोलावली.

"व्हय," ते म्हणाले. "आसंच वाटायचं."

ती चाल खोटी होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.