बलूनमध्ये चढताना मी केलेली सही

न वाचलेल्या कागदावर मी सही का केली?

सुट्टीत कामरगावला घरी आलेय. आज बाबांना घेऊन वाशीमला गेले. तिथल्या मैदानावर दोरांनी बांधलेल्या हॉट एअर बलूनमध्ये बसवत होते. आम्हा दोघांचीही पहिलीच वेळ. रांग मोठी होती, म्हणून दोघांचे फॉर्म मीच घाईत भरले आणि खालचा मजकूर न वाचताच सही केली.

वर गेल्यावर डोक्यावर बर्नरच्या आगीचा भडका उडाला. वाऱ्याने टोपली कलली. मी टोपलीची कड घट्ट धरली. बाबांचा चेहरा घामाने डबडबला होता.

बलून चालवणाऱ्या दादांनी विचारलं, "काका, बीपी नाही ना? फॉर्मवर लिहिलंय, बीपीवाल्यांनी चढू नये."

बाबा रोज बीपीची गोळी घेतात. तरी हसून म्हणाले, "भेव नाही भाऊ. माह्या पोरीनं वाचला हाय कागद. ग्रॅज्युएट हाय ते!"

घरातला प्रत्येक कागद मीच वाचते. तुमच्याही घरी असंच आहे का?

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, म्या वाचलाच नाही तो कागद. भाऊ, यायले बीपी हाय, खाली घ्या."

फेरी अर्ध्यात थांबवून मी बाबांना उतरवलं आणि सरळ दवाखान्यात नेलं.