अंकल आणि दीड चादरीची थंडी

आमच्या वसईच्या अंकलनी त्या जानेवारीत माझी बाजू घेतली नसती, तर आज मी आटपाडीला घरच्या ओट्यावर बसलेलो असतो. म्हणून काय घडलं ते सांगण्याआधी माणूस सांगतो. झाडालाही थंडी वाजते हे साऱ्या अमिरातीत कुणाला मनापासून पटलं असेल, तर ते या एकट्या अंकलना. बाकीचा देश झाडांना उन्हापासून वाचवण्यात गुंतलेला. आमची साइट मात्र रास अल खैमाच्या डोंगरात, उंचावर, एका रिसॉर्टची नवी बाग. तिथं हिवाळ्यात कधीकधी पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. हे फोनवर सांगितलं तर आईनं विषयच बदलला. पोरगं परदेशात जाऊन थापा मारायला शिकलं असं तिला वाटलं असणार.

अंकल आमचे फोरमन. साठीला टेकलेले, वसईच्या वाडीत केळी नि मोगऱ्यात वाढलेले, आणि स्वतः भर थंडीत हाफ शर्टात. इथली माणसं दिरहम ऐकले की लगेच रुपये करतात, अंकल डिग्रीच्या चादरी करायचे. "आज चार डिग्री, म्हणजे दीड चादर. उद्या एक, म्हणजे दोन चादरी आणि एक प्रार्थना." या चादरी रिसॉर्टच्या लाँड्रीतून बाद झालेल्या. संध्याकाळी रोपाभोवती काठ्या रोवायच्या, त्यावर चादर अशी टाकायची की कापड पानाला टेकता कामा नये, आणि सकाळी ऊन आलं की एकेक काढून, घडी घालून, रोपाला गुड मॉर्निंग म्हणायचं. तेही मनात नाही, मोठ्यानं. पाणी सकाळी दहानंतरच. एकदा मी दिवस मावळताना पाइप उचलला तर म्हणाले, "तू रात्रभर ओल्या चड्डीत झोपशील का? मग त्यांना कशाला झोपवतोस?" एका सकाळी तर त्यांनी माणसाचा ताप बघायचा थर्मामीटर लिंबाच्या बुंध्याशी मातीत खुपसला. पारा जागचा हलेना. अंकलनी तो पुसून खिशात ठेवला आणि गंभीरपणे सांगितलं, "ताप नाय." मी नववीत शाळा सोडलेला, कुणी समजावून सांगायला लागलं की मी काहीतरी निमित्त काढून सटकतो. अंकलसमोर तसं कधी झालं नाही, कारण ते शिकवतायत हे मला दुसऱ्या दिवशी कळायचं.

तर त्या जानेवारीत अंकल दातासाठी दोन दिवस शारजाला गेले आणि छत्तीस नवी रोपं, लिंबं आणि बोगनवेली, माझ्या हवाली करून गेले. दुपारीच वारा बोचायला लागला. मी घाबरलो. गावी कुणी गारठलं की आई त्याला सुंठ-गूळ देते, तसं मी प्रत्येक रोपाला ओंजळभर खत दिलं. चादरी मला अपुऱ्या वाटल्या, म्हणून प्लास्टिक आणून पानांवरच घट्ट गुंडाळलं, वरून सुतळी बांधली. सकाळी सोडून पाहिलं तर पानं उकळलेल्या चहापत्तीसारखी काळी. इजिप्तचे साइट इंजिनिअर आले, त्यांनी एक फांदी हलवली. "खलास, हबीबी. सब मर गया. नया लाओ. और ये लड़का वापस." ते वापस म्हणजे थेट भारतात.

अंकल परतले ते गाल सुजलेलेच. थेट रोपांपाशी गेले. गुडघ्यांची कुरकुर ऐकू येत होती तरी खाली बसले, आणि एका लिंबाची साल अंगठ्याच्या नखानं जराशी खरवडली. आत हिरवं होतं. मग दुसरं, मग तिसरं. छत्तीसच्या छत्तीस तपासून उठले आणि इंजिनिअरना म्हणाले, "सर, फाइव्ह वीक्स. ना कैंची, ना खाद, कोई हाथ नहीं लगाएगा."

"और नया पत्ता नहीं आया तो?"

"तो मेरा टिकट भी साथ में निकालो."

त्या दिवशी आम्ही खत वरवर खरवडून काढलं, जमीन पाण्यानं धुऊन घेतली, बुंध्यापासून चार बोटं सोडून वाळका पालापाचोळा पसरला. काळ्या फांद्या कापायला माझे हात शिवशिवत होते. "राहू दे," अंकल म्हणाले. "मेलेलं लाकूडपण वारा अडवतं." पाच आठवडे मी नीट जेवलो नाही. रोज पहाटे एखादी साल खरवडून बघायचो, तर एकदा त्यांनी मनगटच धरलं. "थंडीतून वाचलं ते तुझ्या नखांनी मरेल, बाबा." पाचव्या आठवड्यात एका बोगनवेलीला डोळा फुटला, तांबूस, तांदळाएवढा. मग लिंबांना. पाच रोपं गेली, एकतीस आली. इंजिनिअर फेरी मारून गेले, जाताना "यल्ला, काम करो" एवढंच म्हणाले. मी अंकलकडे पाहिलं, तर ते पाठ करून चादरींच्या घड्या घालत होते.

आता अंकल वसईला असतात, कायमचे. फोन केला की आधी बागेची चौकशी, मग माझी. परवा सांगत होते, डॉक्टरनी जमिनीवर बसायची बंदी केलीय, आणि वाडीत मोगऱ्याची नवी ओळ लावायची तशीच पडलीय. मुलाला ऑफिसातून वेळ नाही. हसत सांगत होते, पण तेच दोनदा सांगितलं. मला फोनवर बोलायला सुचत नाही. इथं लिहून ठेवतो. अंकल, पुढच्या सुट्टीला मी आधी वसईला उतरणार, आटपाडीला मग. तुम्ही खुर्ची टाकून बसायचं आणि हवं तेवढं ओरडायचं. ती ओळ मी लावीन.