चाकांवरचा खांब

देऊळघाटच्या वामनरावांच्या अंगणात एक लोखंडी खांब होता आणि त्याला चाकं होती. खांबाला चाकं कशाला, असं चुकूनही विचारायची सोय नव्हती. वामनराव दुर्बिणीपासून सुरू करत ते थांबतच नसत. त्यांची बायको कोकिळाबाई सगळं मुकाट ऐकून घेई आणि सकाळी सारवलेल्या अंगणातल्या चाकोऱ्या पाहून कपाळाला हात लावी.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, तेव्हाची गोष्ट. वामनरावांनी मलकापूरच्या बाजारातून कुण्या मोजणीदाराची जुनी पितळी दुर्बीण आणली. तिवईवर ठेवली तर ती वाऱ्यानंही थरथरे. शेजारीपाजारी डोळा लावून "दिसलं, दिसलं" म्हणत आणि चहा पिऊन जात. तो सूर कोकिळाबाईच्या चांगला ओळखीचा होता. लग्नात भटजींनी बोट करून अरुंधती दाखवली, तेव्हा तिनंही अस्संच "दिसली" म्हटलं होतं. दिसलं काहीच नव्हतं. वर नेहमीचा काळोख, चंद्र असला तर एक विसकटलेला उजेड. तिला वाटे, चांदण्या ही नुसती बोलायची पद्धत आहे, भिडेपोटी सगळेच हो म्हणतात. तरी एखादी खरी असावी आणि ती आपल्याला दिसावी, ही आस काही तिच्या मनातून जात नव्हती.

वामनरावांनी कापसाच्या जिनिंगच्या भंगारातला पाइप आणला, त्यात रेती ठासली, सागाच्या तिकोनी पाटावर उभा केला आणि त्याच्या डोक्यावर दुर्बीण बसवली. अंगणात इकडे लिंब, तिकडे गुरांचा कोठा. आभाळ सापडेल तिथं ढकलत न्यायला खाली हातगाडीची तीन चाकं लावली. तर चाकांवर खांबच डुलायला लागला. मग तिन्ही कोपऱ्यांत लांब बोल्ट आले. ते आवळले की चाकं जमिनीवरून उचलली जात आणि खांब गप्प उभा राही.

वैशाखात एका संध्याकाळी, जेवणं उरकल्यावर, वामनरावांनी हाक मारली.

"ये वं कोकिळा, अरुंधती पाह्य. आता हालत नाही."

तिनं डोळा लावला. पांढुरका धुरळा. "दिसली" ओठांपर्यंत आलंच होतं. पण इथं ना भटजी होते, ना पाहुणे.

"नाही दिसत," ती म्हणाली. "लग्नातही नव्हती दिसली."

वामनराव हसले नाहीत. त्यांनी तिचा हात धरून दुर्बिणीच्या सरकत्या नळीवर ठेवला. "हे म्या माह्या डोळ्यानं लावलं. तू तुह्या डोळ्यानं सरकव."

नळी जराशी आत गेली. धुरळा आकसला, आणखी आकसला आणि त्याचे लखलखीत ठिपके झाले. मोठा वसिष्ठ, जवळच बारीक अरुंधती. कोकिळाबाईनं दोन्ही ठिपके पुन्हा पुन्हा पाहिले. तिनं डोळा काढून वर पाहिलं. काळोख. पुन्हा डोळा लावला. चांदण्या होत्या.

"तुमाले हे बिनदुर्बिणीचं दिसते?"

"हाव. सगळ्याइलेच दिसते."

म्हणजे लोक खरंच बघत होते. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून, खळ्यावर कडब्याशी टेकून, सगळे खरंच काहीतरी बघत होते आणि ती त्यांच्याच शेजारी रिकाम्या काळोखात पडून होती.

वामनराव वाकून बोल्ट सैल करू लागले. "चाल, कोठ्यात ठेवतो आता."

तिनं दोन्ही हातांनी खांब धरला. "राहू द्या," ती म्हणाली. "माह्यं सारं आभाळ पाह्याचं राह्यलं."