दादांच्या जुन्या मोबाइलचं खातं

समस्त भावकीस आणि सोयऱ्यांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आमच्या थोरल्या दादांच्या जुन्या मोबाइलमधून तो बनवणाऱ्या कंपनीच्या खात्याला निरोप देण्याचा सोहळा बोरीत आमच्या ओसरीवर पार पडला. आहेर आणू नये अशी विनंती होती. तरी आत्या चिवडा घेऊन आलीच.

दादा खुर्चीत होते. वहिनींनी नुकतंच त्यांच्या कपाळाला भस्म लावलं होतं. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला आणि बोलणंही. कळतं सगळं, पण तोंडातून निघतं ते फक्त 'अँ'. ज्यांच्या आवाजानं भरला बाजार दणाणायचा, त्यांचा हा 'अँ' ऐकला की मला विनोद सुचत नाहीत. म्हणजे सुचतात, पण मी ते गिळतो.

मोबाइल वहिनींना हवा होता. चुडाव्याला दिलेल्या लेकीचे दिवस भरत आले होते आणि तिचा चेहरा रोज दिसावा, एवढंच त्यांचं मागणं. नवा घेऊ म्हटलं तर म्हणाल्या, "ह्यांचाच पायजे." पण तो इतका भरला होता की फोन उचलेपर्यंत समोरचा कंटाळून ठेवून द्यायचा. फोटो मी कार्डावर काढून घेतले. आता सगळं पुसून तो कोरा करायचा. मात्र त्याआधी खात्यातून बाहेर पडायला हवं, नाहीतर कोरा मोबाइलही जुनाच पासवर्ड मागत बसतो आणि त्याचा दगड होतो. आणि बाहेर पडायलाही पासवर्डच लागतो!

आमच्याकडं गिऱ्हाईक दुकानात चहा पितं आणि दुकानदार त्याचं खातं काढून देतो. दादांचं खातंही असंच निघालेलं, म्हणून त्या दुकानदाराला फोन लावला.

"काका, कुन्या बाईचं नाव व्हतं, आन् पुढं गाडीचा नंबर. नाव काय ते ध्यानात न्हाई."

बाईचं नाव! मी नाटकातल्या वकिलासारखा उभा राहिलो. गाडीचा नंबर घरात सगळ्यांना पाठ. लेकीचं नाव टाकलं, चुकलं. आमच्या आईचं टाकलं, चुकलं. आत्या म्हणाली, "माझं बघ की रे, लय जीव हाय त्याचा माझ्यावर." तेही चुकलं. आत्यानं दादांकडं असं पाहिलं, की चिवडा परत नेते की काय असं मला वाटलं.

तेवढ्यात दादांनी डावा हात उचलला. "अँ!" बोट वहिनींकडं.

"पाणी मागायलाय," आत्या म्हणाली. वहिनींनी पाणी आणलं. दादांनी ते लोटलं.

"उकडायलंय त्याला, पंखा लावा." पंखा लावला. "अँ! अँ!"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "वहिनी, तुमचंच नाव!"

वहिनी लाजल्या. मी टाकलं. चुकलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: आता एकच संधी, नंतर खातं बंद.

वहिनींचे डोळे भरून आले. "ऱ्हाऊ द्या, भाऊजी. नशिबात न्हाई."

दादा मात्र संतापले. बोट पुन्हा वहिनींकडं, मग दूर, पाथरीच्या दिशेला. पुन्हा वहिनी, पुन्हा पाथरी. पाथरी हे वहिनींचं माहेर. आमच्याकडं लग्नात नवरीला नवं नाव देतात आणि जुनं त्या दिवसापासून माहेरीच राहतं. माझ्या तर ते कधी कानावरही आलं नव्हतं.

"वहिनी, माहेरचं नाव काय हो तुमचं?"

त्यांनी इतकं हळू सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं. ते मी एकेक अक्षर तपासत लिहिलं. पुढं गाडीचा नंबर. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. मग अक्षरं उमटली: आपण खात्यातून बाहेर पडला आहात.

आत्यानं टाळी वाजवली. दादांनी हात मांडीवर टाकला आणि डोळे मिटले. वहिनी मोबाइलकडं पाहतच नव्हत्या. चार माणसांत नवऱ्यापुढं कधी आवाज न चढवलेली ती बाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि ओरडलीच:

"अवो, तोंड चालत व्हतं तवा एकदा तरी ह्या नावानं हाक मारायची की वो!"