धुरपताबाईचा पहिला तास

"कायले वं? इतके वर्स मांगून बी सोडत आली, मंग आजच तुले तिफन काहून धरायची हाये?"

"इतके वर्स तुमची पाठ पाह्यली. आता बैलायची पाहू द्या."

इंझोरीच्या वावरात हरभऱ्याची पेरणी चालली होती. तिफन हाकायची गड्यानं अन् मागून तिफनीवरच्या चाड्याच्या वाटीत मूठमूठ बियाणं सोडायचं बाईनं, ही तिथली रीत. धुरपताबाईनं कमरेची बियाण्याची ओटी सोडली, नवऱ्याच्या, ग्यानबाच्या कमरेला बांधली अन् तिफन धरली.

ग्यानबाला धास्ती तासाची, तिफनीनं पडणाऱ्या ओळीची होती. वाकडा तास झाकता येत नाही. उगवला की पीक निघेस्तोवर रस्त्यानं जाणारा हरेक माणूस त्याला हसून जातो.

पहिला तास वाकडाच गेला. शेजारच्या वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून राजपालनं विचारलं, "काकू, पेरून राह्यल्या का नाला काढून राह्यल्या?"

"उगवू दे बाप्पा. मी कोनाची पाठ पाहून शिकली, ते दिसू दे लोकायले."

ग्यानबाला वाटलं, आता ती तिफन परत देईल. तिनं वळून फक्त त्याची ओटी पाहिली. ती अर्धी रिकामी झाली होती.

"तुमी मूठ आवरा आंधी. कोंबड्यायले दाने टाकून राह्यले का?"

ग्यानबानं मूठ आवळली. धुरपताबाईनं समोरच्या बाभळीवर नजर धरून बैल हाकले. दुसरा तास बराच सरळ निघाला. राजपालकडे न पाहता तिनं तिसऱ्या तासासाठी बैल वळवले.